ओयान्तायतांबोत मुक्काम: माचू पिचूच्या वाटेवरच्या इंका गावासाठी सविस्तर मार्गदर्शन

पेरूला जाणारे बहुतेक प्रवासी ओयान्तायतांबो पाहतात ते फक्त रेल्वे स्टेशनापुरतं. कुस्को शहराहून गाडीने यायचं, घाईघाईत तासाभरात किल्ला बघायचा, फोटो काढायचे आणि माचू पिचूची ट्रेन पकडायची. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत या गावाला मिळतो जेमतेम अर्धा दिवस. माझं स्पष्ट मत आहे की हे गाव किमान दोन रात्रींचं आहे, जमलं तर तीन. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांनी आखलेल्या गल्ल्यांमध्ये, इंकांनी रचलेल्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, स्वयंपाक करतात, मुलांना शाळेत पाठवतात. असं दुसरं गाव शोधूनही सापडणं कठीण. आणि दुपारच्या बसगाड्या निघून गेल्या की हे गाव खरोखर शांत होतं.

गाव वसलंय उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण २,८०० मीटरवर. उत्तरेकडच्या डोंगरांतून पाताकांचा नावाची छोटी नदी उतरते, गावातून खळाळत जाते आणि खाली उरुबांबाला मिळते. कुस्को इथून रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर.

कधी जावं

मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. आकाश स्वच्छ, दिवसा ऊन, पण जून-जुलैत रात्री कडाक्याची थंडी. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी सर्वात वाईट. जानेवारी २०१० मध्ये उरुबांबाला पूर आला, रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटक माचू पिचूच्या पायथ्याशी अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना बाहेर काढावं लागलं. म्हणून पावसाळ्यात जायचंच असेल तर परतीच्या विमानाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

माझी पसंती मेच्या पहिल्या पंधरवड्याला किंवा सप्टेंबरला. मेमध्ये पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि गर्दी अजून सुरू झालेली नसते. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. त्या आठवड्यात सगळ्या खोऱ्यात खोल्यांची मारामार होते. मे-जूनमध्ये ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी ओयान्तायतांबोची स्वतःची जत्रा भरते, सेन्योर दे चोकेकिल्काची. मुखवटे घातलेले नर्तकांचे ताफे, बँड, रात्रभर जागरण. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा, गाव रंगात आलेलं पाहायचं असेल तर नेमके तेच निवडा आणि खोली बरीच आधी ठरवून ठेवा.

कागदपत्रं आणि एक लस

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना याचा मोठा फायदा होतो. बाकीच्यांनी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. भारतातून लिमाला थेट विमान नाही. ज्या देशातून विमान बदलणार तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही त्याच वेळी पाहा. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो.

आता लशीबद्दल, कारण हे अनेकांना ऐनवेळी कळतं. ओयान्तायतांबो आणि कुस्को इतके उंच आहेत की तिथे पिवळ्या तापाचा धोका नाही. पण पेरूच्या जंगलपट्ट्यात तो आजार आहे, त्यामुळे भारत सरकारच्या यादीत संपूर्ण पेरू येतो. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ नसेल, तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरतं आणि ते आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. निघण्याच्या महिनाभर आधी हे उरकून टाका. साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

उंचीचा प्रश्न, आणि त्यावरचा सोपा उपाय

कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को ३,४०० मीटर. म्हणजे लिमाच्या समुद्रकिनाऱ्यावरून सव्वा तासाच्या विमानाने तुम्ही कळसूबाईच्या दुपटीहून उंच जाऊन उतरता. डोकं ठणकणं, मळमळ, धाप लागणं, झोप न येणं हे पहिल्या रात्री होऊ शकतं. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांनाही होतं, कारण याचा दमाशी संबंध नाही.

उपाय असा: कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात मुक्काम करू नका. तडक ओयान्तायतांबो गाठा. सहाशे मीटर खाली झोपल्याने पहिली रात्र बरीच सुसह्य जाते. मग ओयान्तायतांबो, माचू पिचू (२,४३० मीटर) आणि शेवटी कुस्को, असा उलटा क्रम ठेवा. शरीर तोवर सरावलेलं असतं. हा एक बदल केला तरी सगळ्या सहलीचा नूर पालटतो.

पहिल्या दिवशी जेवण हलकं, दारू नाही, पाणी भरपूर, चाल संथ. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. तिथे प्रत्येक हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो, चवीला जरा गवती आणि तुरट. मला त्याहून मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या रानवनस्पतीचा काढा जास्त आवडतो, पोटालाही बरा वाटतो. कोकाची पानं पेरूमध्ये कायदेशीर आहेत, भारतात नाहीत. आठवण म्हणून पुडी किंवा त्या चहाच्या पिशव्या बॅगेत टाकून आणू नका.

कुस्कोहून गावापर्यंत

विमानतळावरून थेट टॅक्सी केली तर दीड-दोन तास. भाडं बसण्याआधी ठरवा, किंवा हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा. सामान असताना आणि पहिल्या दिवशी हेच बरं.

स्वस्तात जायचं तर कोलेक्तिवो, म्हणजे शेअर गाडी. कुस्कोच्या पावितोस गल्लीतून पहाटेपासून सुटतात. वेळापत्रक नाही, गाडी भरली की निघते. चालक दारात उभा राहून गावाचं नाव ओरडत असतो. दहा-पंधरा सोलांत काम होतं. एक सोल म्हणजे पंचवीस रुपयांच्या आसपास. रस्ता आधी चिंचेरोपर्यंत ३,७०० मीटरच्या वर चढतो आणि मग उरुबांबाच्या खोऱ्यात नागमोडी उतरतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढची सीट धरावी. उजाडलेलं असेल तर उतारावरून बर्फाची शिखरं दिसतात.

गावात पाय हेच वाहन. स्टेशनापासून चौकापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, पण चढ आहे. सामान जड असेल तर तीनचाकी मोटोटॅक्सी करा. पेरूभर त्यांत आपल्या पुण्याच्या बजाजच्या रिक्षा भरपूर आहेत, तिकडे त्यांना तोरितो म्हणतात.

कुठे राहावं

दोन पर्याय. एक, स्टेशनाच्या बाजूला नदीकाठी: पहाटेची ट्रेन असेल तर सोयीचं, पण संध्याकाळपर्यंत वर्दळ. दुसरा, चौकाच्या उत्तरेला कोस्को आयु या जुन्या वस्तीत: खोल्या लहान, गाडी दारापर्यंत येत नाही, दगडी बोळातून बॅग उचलून न्यावी लागते. मी नेहमी दुसराच सुचवेन. रात्री पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत झोपायला मिळतं.

खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: गरम पाणी दिवसभर असतं का, जादा ब्लँकेट मिळेल का, आणि माचू पिचूला जाताना मोठी बॅग ठेवता येईल का. हीटर क्वचित असतो. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट दाखवला तर खोलीच्या भाड्यावरचा १८ टक्के कर माफ होतो. नोंदणीकृत हॉटेलांत हे आपणहून मागा. विजेचा दाब २२० व्होल्ट, त्यामुळे आपले दोन गोल पिनांचे चार्जर सहसा तसेच चालतात.

पहिली संध्याकाळ: जुनी वस्ती

पोचल्या दिवशी किल्ला चढू नका. फक्त कोस्को आयुमध्ये फिरा. चार लांब गल्ल्या आणि त्यांना छेदणारे आडवे बोळ, अशी ही आखणी पंधराव्या शतकातली, पाचाकुती या इंका सम्राटाने हे खोरं जिंकल्यानंतरची. प्रत्येक गल्लीच्या कडेने दगडी पाट वाहतो. पाणी डोंगरातून येतं आणि पुढे शेतात जातं.

इथल्या घरांच्या गटाला कांचा म्हणतात. आपल्या चौसोपी वाड्यासारखी कल्पना: मध्ये अंगण, चारी बाजूंनी एकेक खोली, आणि रस्त्याला एकच दार. दोन कांचा पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि त्यांची मागची भिंत सामाईक असते. दाराजवळ थांबून चौकट नीट पाहा. खाली रुंद, वर अरुंद. काही दारांना एकाच्या आत एक अशा दोन चौकटी कोरलेल्या दिसतील. इंकांच्या बांधकामात असं दार मानाच्या जागेचं. खालचे काळसर दगड इंकांचे, त्यावरच्या कच्च्या मातीच्या विटा नंतरच्या, आणि त्यावर कुठे पत्रा, कुठे कौलं.

ही लोकांची घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून अंगणात शिरू नये. काही घरांनी दुकान किंवा खाणावळ थाटली आहे, तिथून आतली रचना पाहता येते. कुणाचा, विशेषतः विल्योक आणि पाताकांचा या वरच्या गावांतून उतरलेल्या लाल पोशाखातल्या बायाबापड्यांचा, फोटो काढण्याआधी विचारा. समोर दिसेल त्याला आधी ‘ब्वेनोस दियास’ किंवा दुपारनंतर ‘ब्वेनास तार्देस’ म्हणावं. न बोलता थेट वस्तूची किंमत विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

दुसरा दिवस: किल्ला

तिकीट आधी समजून घ्या. किल्ल्याचं सुटं तिकीट नसतं, कुस्कोचं बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे अनेक ठिकाणांचं एकत्रित पर्यटन तिकीट, काढावं लागतं. पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं आणि त्यात सोळा ठिकाणं येतात. खोऱ्यापुरतं तिकीट दोन दिवसांचं, त्यात पिसाक, ओयान्तायतांबो, चिंचेरो आणि मोराय. गेल्या काही वर्षांतले दर परदेशी पाहुण्यांना अनुक्रमे १३० आणि ७० सोल. कुस्कोत दोन दिवस घालवणार असाल तर पूर्णच घ्या, उघड फायद्याचं आहे. प्रवेशद्वारावर रोख रक्कम तयार ठेवा.

सकाळी सातला दार उघडतं. त्या वेळी आत शिरा. दहानंतर कुस्कोच्या बसगाड्या येऊ लागतात आणि पायऱ्यांवर रांग लागते. सकाळी चुकलंच तर दुपारी तीननंतर जा.

समोर मजगीसारखे दगडी टप्पे एकावर एक चढत जातात आणि त्यांच्या कडेने दोनशेच्या आसपास पायऱ्या. दर टप्प्यावर थांबा, घाई नाही. माथ्यावर सूर्यमंदिर म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. ते कधी पूर्ण झालंच नाही. तिथे गुलाबी छटेच्या सहा अखंड शिळा एका ओळीत उभ्या आहेत, चार मीटरच्या आसपास उंच, सर्वात मोठीचं वजन पन्नास टनांच्या घरात. जवळ जाऊन दोन शिळांच्या मधली जागा पाहा. तिथे अरुंद, उंच, पातळ दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, इतक्या घट्ट की सांध्यात नखही शिरत नाही. एका शिळेवर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी उठावात कोरलेली होती, आता पुसट झाली आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की ती स्पष्ट उमटते. आजूबाजूला पडलेल्या काही दगडांना इंग्रजी टी अक्षरासारख्या खाचा आहेत.

आता पाठ फिरवा आणि नदीपलीकडचा डोंगर पाहा. हा दगड तिथून आला. काचिकाताची खाण तिकडे उंचावर, साधारण चार-पाच किलोमीटरवर. लोखंड नाही, चाक नाही, ओढायला बैल नाहीत. दगड डोंगरावरून उतरवायचा, नदी पार करायची आणि चढणीवरून पुन्हा इथवर चढवायचा. बर्कलेचे वास्तुविशारद झाँ-पिएर प्रोत्सेन यांनी इथल्या दगडकामाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नदीतल्या गोट्याने ठोकून ठोकून असा दगड घडवता येतो आणि सांधा जुळवता येतो, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. परग्रहवासीयांच्या गोष्टी सांगणारा गाइड भेटला तर हे आठवावं. ज्या माणसांनी हे केलं त्यांचं श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायचं कारण नाही.

इतिहासातला मोठा प्रसंगही याच मैदानात घडला. १५३६ मध्ये मांको इंका या राजाने स्पॅनिश लोकांविरुद्ध उठाव केला आणि कुस्कोला वेढा घातला. पुढे त्याने तळ ओयान्तायतांबोत हलवला. १५३७ च्या सुमारास स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारो घोडदळ घेऊन चालून आला. वरून दगडांचा आणि बाणांचा मारा झालाच, शिवाय मांकोने पाट फोडून खालच्या मैदानात पाणी सोडलं. घोडे चिखलात रुतू लागले आणि पिसारोला माघार घ्यावी लागली. विजय मोठा होता, पण कुस्कोतल्या स्पॅनिश लोकांना कुमक मिळाल्यावर मांकोने ही जागा सोडून विल्काबांबाच्या जंगलात आसरा घेतला. तिथलं इंका राज्य १५७२ पर्यंत टिकलं. टप्प्यांवर उभं राहून खालचं सपाट शेत पाहिलं की ही लढाई डोळ्यांपुढे येते.

उतरताना पायथ्याचं जलस्थान चुकवू नका. बान्यो दे ला न्युस्ता नावाचा एका दगडात कोरलेला झरा आहे. पाणी अजून वाहतं.

तिसऱ्या दिवशी: कोठारं किंवा खाण

गावाच्या पूर्वेला पिंकुयुना डोंगर. त्याच्या उभ्या अंगावर इंकांची धान्यकोठारं चिकटलेली दिसतात. इतक्या अडचणीच्या जागी बांधण्याचं कारण वारा: उंचावर हवा थंड आणि खेळती, त्यामुळे मका आणि बटाटा टिकायचा. प्रवेश विनामूल्य. वाट जुन्या वस्तीतल्या गल्लीतून सुरू होते आणि लगेच उभी चढते. काही ठिकाणी कठडा नाही, म्हणून पाऊस पडून गेल्यावर जाऊ नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये. सकाळी हा उतार सावलीत असतो आणि समोरच्या किल्ल्यावर ऊन पडलेलं असतं. चढायला आणि फोटोला हीच वेळ. दोन तास पुरतात.

पायांत दम असेल तर काचिकाताची खाण. नदीवरच्या पुलापाशी जा. त्याचा मधला खांब इंकांच्या पायावर उभा आहे. पूल ओलांडून प्रवाहाच्या दिशेने जाणारी चढती वाट धरा. वाटेत ‘थकलेले दगड’ भेटतात: खाणीतून निघालेल्या, पण मंदिरापर्यंत न पोचलेल्या प्रचंड शिळा. जाऊन-येऊन चार ते सहा तास. वाटेत पाणी नाही, दुकान नाही, सावली नाही. दोन लिटर पाणी, टोपी आणि सनस्क्रीन घेऊन सकाळी लवकर निघा, एकटे जाऊ नका. दोन्हींपैकी एकच करायचं तर मी खाण निवडेन. तिथे जाऊन आल्यावर त्या सहा शिळांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता.

खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

‘सिन कार्ने’ एवढंच म्हटलं तर चिकन येण्याची शक्यता असते, कारण कार्ने म्हणजे बहुतेकांच्या लेखी गोमांस. पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, चिकन, मासे यांशिवाय. सूपचं पाणी चिकनचं असू शकतं, तेही विचारा. शाकाहारींना भरवशाचे पदार्थ: किनोआचं सूप, अंडं चालत असेल तर भाज्या घातलेली तोर्तिया म्हणजे ऑम्लेट, उकडलेले किंवा तळलेले बटाटे, भात, आणि चोक्लो कोन केसो. हा शेवटचा पदार्थ चुकवू नका. उरुबांबा खोऱ्यातला पांढरा मका, एकेक दाणा अंगठ्याच्या नखाहून मोठा, वाफवलेला आणि सोबत ताज्या चीजचा जाड तुकडा. बाजारात बटाट्यांचे ढीग पाहा: जांभळे, पिवळे, गाठाळ, लांबट. आपल्या उपासाच्या भाजीचं मूळ माहेर याच डोंगररांगांत आहे.

दुपारी खाणावळींत ‘मेनू देल दिया’ मिळतो, सूप, मुख्य पदार्थ आणि पेय एकत्र. चौकातल्या हॉटेलांपेक्षा बाजाराच्या बाजूला निम्म्या किमतीत पोट भरतं. एखाद्या घराबाहेर बांबूला लाल प्लास्टिकची पिशवी किंवा लाल फुलं बांधलेली दिसली, तर आत मक्याची आंबट बीअर, चिचा, मिळते. पहिले थेंब जमिनीवर, पाचामामा म्हणजे धरणीमातेसाठी, सांडायचे असतात. पोट नाजूक असेल तर घोटभरच घ्या. नळाचं पाणी पिऊ नका.

माचू पिचू आणि परत

माचू पिचूचं प्रवेशतिकीट वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं आणि हंगामात कित्येक आठवडे आधी संपतं. क्रम असा ठेवा: आधी प्रवेशतिकीट, मग त्या वेळेला जुळणारी ट्रेन, मग हॉटेल. पेरूरेल आणि इंका रेल या दोन कंपन्यांच्या गाड्या ओयान्तायतांबोहून सुटतात, पायथ्याच्या गावापर्यंत दीड-दोन तास. सामानाला मर्यादा आहे, छोटी पाठपिशवी घ्या, बाकी हॉटेलात ठेवा. पासपोर्ट मूळचाच लागतो, झेरॉक्स चालत नाही. जाताना डाव्या बाजूला बसलात तर नदी जवळून दिसते.

रोख रकमेची सोय गावातच करा. चौकात एटीएम आहेत, पण ते अधूनमधून बंद असतात, म्हणून कुस्कोतूनच थोडे सोल काढून आणा. शंभरच्या नोटा लहान दुकानांत मोडत नाहीत. दहा-वीसच्या जवळ असू द्या.

माचू पिचूहून परतल्यावर स्टेशनाबाहेर कुस्कोच्या कोलेक्तिवो उभ्याच असतात, रात्रीच्या गाड्यांनासुद्धा. दमलेले असाल तर त्या रात्री निघू नका. ओयान्तायतांबोतच झोपा आणि सकाळी टॅक्सी करून मोरायचे गोल टप्पे आणि मारासची मिठागरं पाहत कुस्कोला जा. मोराय तुमच्या तिकिटात आहे (दोन दिवसांचं तिकीट असेल तर मुदत संपली नाही ना ते पाहा), मारासचं वेगळं काढावं लागतं, आणि दोन्ही वाटेतच पडतात.